न्यूट्रल सुटला आणि चार संगणक गेले: एका शाळेच्या लॅबचं प्रकरण

कोकणातल्या शाळांत पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात संगणक जळतात, आणि खापर बहुतेक वेळा आकाशातल्या विजेवर फुटतं. पंचनाम्यात 'वीज पडल्याने नुकसान' असं लिहून नवे यूपीएस आणि नवे स्पाइक गार्ड (विजेचा झटका अडवणारे एक्स्टेंशन बोर्ड) आणले जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं, कारण मूळ दोष, म्हणजे न्यूट्रलचा (करंट परत नेणाऱ्या तारेचा) ढिला जोड, मेन बोर्डात तसाच पडून असतो. पुढे दिलेलं प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा लॅबमध्ये वारंवार सापडणारे दोष एकाच लॅबच्या रूपात मांडले आहेत. व्होल्टेजचे हिशेब कुणालाही करून पाहता येतील.

काय जळलं आणि काय वाचलं

माध्यमिक शाळा, 20 डेस्कटॉप, 24 पोर्टचा लॅन स्विच, राउटर, प्रोजेक्टर, लेझर प्रिंटर. बोअरवेलवर 3 एचपीचा पंप असल्याने जोडणी थ्री फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा (आर, वाय, बी) आणि चौथा न्यूट्रल. वायरमनने लोड वाटताना लॅबचे 7 संगणक आर फेजवर, 7 वाय फेजवर आणि 6 बी फेजवर घेतलेले. प्रत्येक संगणकाला 600 व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (एरवी मेनचीच वीज पुढे देणारा, बिघाडात बॅटरीवर जाणारा) आला होता, पण बॅटऱ्या मेल्यावर निम्म्याहून जास्त यूपीएस कपाटावर गेले आणि ते संगणक थेट स्पाइक गार्डवर आले. ही अवस्था बहुतेक शाळांत दिसते.

ऑक्टोबरची दुपार, गडगडाट सुरू. लाइट गेली आणि मिनिटाभरात आली. आल्यावर लॅबमधल्या काही ट्यूब नेहमीपेक्षा लख्ख, ऑफिसातला पंखा मात्र रेंगाळत फिरतोय. थोड्याच वेळात लॅबमध्ये फट् आवाज आणि जळका वास. कुणीतरी मेन स्विच पाडेपर्यंत दहाएक मिनिटं गेली.

हिशेब असा लागला: वाय फेजवरचे थेट स्पाइक गार्डला जोडलेले चार संगणक बंद. त्याच फेजवरचे तीन यूपीएस मेले, पण त्यांच्यामागचे तीन संगणक शाबूत. वाय फेजवरच्या दोन एलईडी ट्यूब गेल्या. आर आणि बी फेजवर काहीही जळलं नाही. याशिवाय अंगणापलीकडच्या इमारतीत असलेल्या वाचनालयातल्या संगणकाचं लॅन पोर्ट आणि इकडे स्विचचं त्याच केबलचं पोर्ट, ही दोन्ही गेली. तो संगणक बाकी व्यवस्थित सुरू होता.

या यादीतच उत्तर आहे. जवळपास वीज पडून तारांमध्ये जो झटका येतो तो काही मायक्रोसेकंदांचा असतो आणि शेजारून जाणाऱ्या तिन्ही फेजवर साधारण सारखाच चढतो. तो एकच फेज निवडून तिच्यावरचं सगळं मारत नाही. एका फेजवरचं सगळं जळतं, दुसरीवर पंखे रेंगाळतात आणि तिसरी जेमतेम तग धरते, तेव्हा न्यूट्रल तुटलेला असतो. लॅन पोर्टचा प्रकार मात्र खरंच विजेचा. एकाच दुपारी दोन वेगळी कारणं एकत्र आली, म्हणून घोटाळा.

आधीची लक्षणंही होती, कुणी जुळवली नव्हती इतकंच. ऑफिसातलं झेरॉक्स मशीन सुरू केलं की लॅबमधल्या ट्यूब क्षणभर उजळायच्या. मोठा लोड लागल्यावर त्याच फेजवरचे दिवे थोडे मंदावले तर ते तारेतल्या ड्रॉपमुळे. पण एका खोलीत लोड लागल्यावर दुसऱ्या खोलीत उजेड वाढत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे. याहून स्वस्त चाचणी नाही.

गंमत म्हणजे बोअरचा पंप त्या दिवशी ठणठणीत चालला. त्यावरून 'तिन्ही फेज बरोबर आहेत, सप्लायचा दोष नाही' असा निष्कर्ष निघाला होता. थ्री फेज मोटरला न्यूट्रल लागतच नाही, आणि स्टार्टरची कॉइल 415 व्होल्टची असेल तर तिलाही नाही. पंप चालणं हा न्यूट्रल ठीक असल्याचा पुरावा होऊच शकत नाही.

न्यूट्रल तुटल्यावर व्होल्टेज कसं वाटलं जातं

न्यूट्रल जागेवर असतो तोवर प्रत्येक फेजला आपापले 230 व्होल्ट मिळतात, दुसऱ्या फेजवर कितीही लोड असो. तो तुटला की तिन्ही फेजवरची उपकरणं एकमेकांतूनच परतीचा रस्ता शोधतात. ज्या फेजवर लोड जास्त तिथलं व्होल्टेज पडतं, जिथे लोड कमी तिथे ते चढतं.

त्या वेळी आर फेजवर झेरॉक्स धरून 2000 वॅट, बी वर 1000 आणि वाय वर 500 वॅट चालू होते असं धरू. लोड साधा रेझिस्टिव्ह (हीटर-बल्बसारखा) मानला तर तुटलेल्या न्यूट्रलनंतर आर फेजवर सुमारे 151 व्होल्ट, बी वर 261 आणि वाय वर 301 व्होल्ट येतात. इथेच थांबत नाही. वाय फेजवरची काही उपकरणं जळून बाजूला झाली आणि तिथला लोड 200 वॅटवर आला, की त्याच फेजचं व्होल्टेज 329 वर जातं. म्हणजे एक उपकरण मेलं की उरलेल्यांवरचा ताण वाढतो, आणि नुकसान एकापाठोपाठ होतं. एसएमपीएस (संगणकातले वीजपुरवठ्याचे डबे) प्रत्यक्षात रेझिस्टिव्ह नसतात, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. चित्र हेच राहतं.

आणखी एक आकडा जिवाशी संबंधित आहे. याच हिशेबात शाळेतल्या न्यूट्रलच्या तारेवर जमिनीच्या मानाने सुमारे 87 व्होल्ट येतात. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून टाकण्याची चाल अजूनही दिसते. तसं केलेलं असेल तर त्या क्षणी प्रत्येक संगणकाचं पत्र्याचं कॅबिनेट 87 व्होल्टवर उभं राहतं, आणि समोर मुलं बसलेली असतात.

स्पाइक गार्ड का कामाला आला नाही

स्पाइक गार्डमध्ये आणि एसएमपीएसच्या तोंडाशी जो निळा किंवा पिवळा चकतीसारखा भाग असतो तो व्हॅरिस्टर, बोलीत एमओव्ही. 431 छापलेला एमओव्ही 275 व्होल्ट एसीसाठी असतो आणि साधारण 430 व्होल्टच्या शिखरावर वाहू लागतो. 230 व्होल्टचं शिखर 325, म्हणून एरवी तो शांत. 301 व्होल्टचं शिखर 426, अगदी उंबरठ्यावर. 329 व्होल्टचं शिखर 465. म्हणजे आता तो दर अर्ध्या सायकलला, सेकंदाला शंभर वेळा वाहतो. काही मायक्रोसेकंदांचा झटका गिळण्यासाठी बनवलेली चकती मिनिटभर तापत राहते, फुटते, शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते. जळालेल्या चारपैकी तीन एसएमपीएसमध्ये काचेचा फ्यूज आतून काळा झालेला आणि एमओव्हीचे दोन तुकडे, असंच सापडलं.

चौथ्यात कपॅसिटर फुगले होते. 115/230 चा लाल स्विच असलेल्या जुन्या धाटणीच्या एसएमपीएसमध्ये 200 व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतात. 465 व्होल्टला प्रत्येकाच्या वाट्याला 232 येतात. फट् आवाज तिथला.

यूपीएसमागचे तीन संगणक वाचले, कारण इनपुट मर्यादेबाहेर गेल्यावर यूपीएसचा रिले (आपोआप चालणारा स्विच) बॅटरीवर गेला. स्वतः यूपीएसचं तोंड मात्र त्या व्होल्टेजलाच चिकटून होतं, म्हणून ते गेले. वाढलेलं व्होल्टेज टिकून राहणार असेल तर शोषून घेणारा भाग उपयोगाचा नाही. जोडणीच तोडणारा भाग हवा. या प्रकरणातला मुख्य धडा हाच, आणि खरेदीच्या यादीत नेमका तोच भाग नसतो.

दोष कुठे सापडला

तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करावी. आधी सगळ्या संगणकांचे प्लग सॉकेटमधून काढायचे, फक्त स्विच बंद करून भागत नाही. मग मीटरनंतरच्या मेन स्विचवर तिन्ही फेज ते न्यूट्रल आणि न्यूट्रल ते अर्थ मोजायचं. बिनलोड रीडिंगवर विश्वास ठेवू नये. ढिला जोड बिनलोड असताना 230 दाखवतो. एका फेजवर 100 वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये लावून ठेवायचे, दुसऱ्या फेजवर 1000 वॅटचा हीटर सुरू करायचा. सिरीजमध्ये दोन अशासाठी, की 400 व्होल्ट आले तरी बल्ब उडत नाहीत. हीटर लावताच बल्ब उजळले, तर न्यूट्रलचा दोष मोजण्याच्या जागेच्या मागे, म्हणजे सप्लायच्या बाजूला आहे. सुस्थितीतल्या वायरिंगमध्ये लोडवर न्यूट्रल ते अर्थ 2 ते 3 व्होल्टच्या आत राहतं.

इथे मीटरच्या आउटगोइंगला व्होल्टेज स्थिर, मेन स्विचच्या पुढे डळमळीत. म्हणजे दोष महावितरणच्या बाजूला नाही, शाळेच्या. (मीटरच्या आधी सापडला असता तर तक्रार 1912 वर, आणि खांबावर कुणी स्वतः चढायचं नाही.) जुन्या लोखंडी मेन स्विचचं झाकण काढल्यावर न्यूट्रल लिंक दिसली: ॲल्युमिनियमची तार पितळी स्क्रूखाली नुसती दाबलेली, भोवती पांढरी भुकटी, इन्सुलेशन बोटभर करपलेलं. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. खाऱ्या दमट हवेत पितळेशी त्याचं गंजणं वेगाने होतं. ढिल्या जोडात उष्णता होते आणि जोड आणखी ढिला होतो. लाइट परत येतानाच्या धक्क्याने उरलासुरला संपर्क सुटला.

लॅबने या जोडावरचा ताण वाढवला होता हेही खरं. एसएमपीएस करंट तुकड्यातुकड्याने ओढतात, आणि त्यातले 150 हर्ट्झचे घटक तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. तिन्ही फेजवर सारखे संगणक वाटले तरी न्यूट्रलमधला करंट फेजपेक्षा जास्त असू शकतो. न्यूट्रल अर्ध्या जाडीचा घेऊन तांबं वाचवण्याचे दिवस संपले.

काय बदललं

जुना स्विच काढून फोर पोल एमसीसीबी (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा मोठा ब्रेकर) बसवला. न्यूट्रल फेजच्याच जाडीचा, ॲल्युमिनियम केबलच्या टोकाला बायमेटल लग (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणारं टोपण) दाबून क्रिंप करून, आत अँटिऑक्सिडंट पेस्ट. न्यूट्रलमध्ये वेगळा फ्यूज किंवा सिंगल पोल एमसीबी (छोटा ब्रेकर) कुठेही ठेवला नाही. तो एकटा उडाला तर आपणच न्यूट्रल तोडल्यासारखं होतं.

संपूर्ण लॅब एका फेजवर आणून तिला स्वतंत्र टू पोल फीडर दिला. त्यावर पहिला भाग व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेजला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा रिले. सेटिंग: खाली 180, वर 265, परत जोडायला 180 सेकंद उशीर. वरची मर्यादा 250 ठेवण्याचा मोह होतो; रात्री लोड उतरल्यावर गावात 250 सहज येतात आणि रिले उगाच तोडत राहतो, मग कुणीतरी तो बायपास करतं. तीन मिनिटांचा उशीर लाइट परत येतानाच्या चढउतारासाठी. तसाच रिले ऑफिसच्या फेजवरही लावला. रिले बसवल्यावर फक्त त्यालाच डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज देऊन 270 ला तोडतो का हे पाहिलं. ही चाचणी केल्याशिवाय वायरमनला सोडू नये.

मेन बोर्डात टाइप 1+2 चं (थेट विजेचा करंटही झेलणारं) आणि लॅबच्या बोर्डात टाइप 2 चं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस आलं, म्हणजे एसपीडी, झटका अर्थकडे वळवणारं साधन. आपल्याकडे 275 ऐवजी 320 व्होल्ट सतत सहन करणारं घ्यावं, 8/20 मायक्रोसेकंदांच्या (8 मध्ये शिखरावर, 20 मध्ये निम्म्यावर येणाऱ्या) लाटेला 20 किलोॲम्पिअर नाममात्र क्षमता आणि 1.5 किलोव्होल्टपर्यंतची संरक्षण पातळी. बसवताना हमखास होणारी चूक तारेच्या लांबीची. फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थ बारपर्यंत (अर्थिंगच्या सगळ्या तारा जिथे जोडतात त्या पट्टीपर्यंत) मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत हवी. तार बोर्डात सुबक वळसे देऊन बांधली की झटक्याच्या वेळी दर मीटरमागे हजारेक व्होल्टची भर पडते आणि महागडं एसपीडी नावापुरतं उरतं.

अर्थिंगवर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण जमीन जांभ्याची. कोरड्या जांभ्यात 300 ओहम-मीटर रोधकता धरली तर 40 मिमी व्यासाचा, 2.5 मीटर लांब जीआय पाइप एकटा सुमारे 100 ओहम देतो. म्हणजे फेज कॅबिनेटला लागली तरी करंट 2.3 ॲम्पिअर, 16 ॲम्पिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. एकमेकांपासून 5 मीटरवर तीन खड्डे, बेंटोनाइटची (ओलावा धरणाऱ्या मातीची) भर, 25 × 3 मिमी जीआय पट्टीने जोड, एवढं करून 40 ओहमच्या आसपास येतं. मीठ-कोळसा टाळला, कारण कोकणच्या पावसात मीठ एकदोन वर्षांत वाहून जातं आणि जाताना पाइप खातं. 40 ओहमलाही एमसीबी पडणार नाहीच, म्हणून 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळणारा करंट ओळखून तोडणारा ब्रेकर) अनिवार्य.

आरसीसीबी लॅबमध्ये लावला की 'सारखा पडतो' ही तक्रार ठरलेली. प्रत्येक एसएमपीएसच्या फिल्टरमधून मिलिॲम्पिअरभर करंट अर्थला झिरपतो आणि 30 चा आरसीसीबी 15 ते 30 च्या मध्ये कुठेही पडू शकतो. वीस संगणक आणि वीस मॉनिटर एकाच आरसीसीबीवर म्हणजे आधीच काठावर. म्हणून यूपीएसच्या आउटपुटला तीन सर्किट, 7, 7 आणि 6 संगणकांची, प्रत्येकी टाइप ए आरसीसीबी (एसएमपीएससारख्या उपकरणांची गळतीही ओळखणारा) आणि सी कर्व्हचा एमसीबी (सुरू होतानाचा जादा करंट सहन करणारा).

'कॉम्प्युटरचं अर्थिंग वेगळं हवं' असा आग्रह यूपीएस विकणारे धरतात. वेगळा खड्डा खुशाल खणा, पण तो इमारतीच्या मुख्य अर्थ बारला जोडलाच पाहिजे. दोन खड्डे एकमेकांपासून तुटक ठेवले तर जवळ वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो, आणि तो मिटवायचा रस्ता संगणकातून जातो.

यूपीएसचा हिशेब सोपा होता. मॉनिटरसह 100 वॅट धरून 20 संगणक म्हणजे 2000 वॅट. त्यासाठी 3 केव्हीए ऑनलाइन (सतत इन्व्हर्टरमधून वीज देणारा), 12 व्होल्ट 26 एएचच्या आठ बॅटऱ्या, चाळीस मिनिटांच्या आसपास बॅकअप. लेझर प्रिंटर त्यावर नाही. फ्यूजर तापताना तो एकटाच यूपीएसला ओव्हरलोडच्या शिट्टीपर्यंत नेतो. एक गोष्ट बसवतानाच तपासून घ्यावी. बहुतेक ऑनलाइन यूपीएसमध्ये न्यूट्रल आरपार जातो. व्होल्टेज प्रोटेक्टरने दोन्ही पोल तोडल्यावर यूपीएसच्या आउटपुटचा न्यूट्रल अधांतरी राहतो आणि तेव्हा आरसीसीबीचा भरवसा नसतो. इनपुट तोडून, बॅटरीवर असताना आउटपुटचं न्यूट्रल ते अर्थ मोजावं. ते पन्नास-शंभर व्होल्ट दाखवत असेल, तर यूपीएसच्या आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजू विजेने तुटक ठेवणारा) लावून त्याच्या दुय्यम बाजूचा न्यूट्रल अर्थ बारला जोडायचा. इथे तसंच करावं लागलं.

वाचनालयाला जाणारी उघड्यावरची लॅन केबल काढली. तांब्याची ती 60 मीटर तार दोन इमारतींच्या अर्थिंगमधला पूलच होता. तिच्या जागी फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचा सिग्नल लॅनच्या सिग्नलमध्ये बदलणारे डबे). बाहेरून लोंबणाऱ्या फायबरला आधाराची पोलादी तार असते, ती भिंतीबाहेरच हुकला बांधून तोडायची. आत फक्त काच यावी.

जळालेल्या चार संगणकांना नवे एसएमपीएस घातले. त्याआधी मदरबोर्ड गेला का, हे कळण्यासाठी चाचणीच्या एसएमपीएसवर प्रत्येक बोर्ड चालवून पाहिला. चारही चालले, हार्ड डिस्कही शाबूत. जुने एसएमपीएस फ्यूज बदलून पुन्हा वापरायच्या फंदात पडू नये. एमओव्ही फुटलेला असताना नुसता फ्यूज घातला की तोही उडतो, एमओव्ही काढून टाकून चालवला तर पुढच्या वेळी अडवायला काहीच नसतं, आणि उघडताना आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट उरलेले असू शकतात.

देखभालीत न्यूट्रलचे सगळे स्क्रू मेन पाडून वर्षातून दोनदा आवळायचे, मेअखेरीस आणि दिवाळीच्या सुट्टीत. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा. एसपीडीची खिडकी हिरव्याची लाल झाली की कार्ट्रिज बदलायचं. अर्थचा रोध मे महिन्यातच मोजायचा. जुलैत मोजलेला आकडा भिजलेल्या जमिनीचा असतो आणि सुखद वाटतो. यूपीएसच्या आठ बॅटऱ्या साधारण तीन वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि आठही एकदम बदलायच्या: जुन्यांत एखादी नवी घातली तर जुन्या बॅटऱ्या चार्जिंगचं गणित बिघडवतात आणि नवीही सहा-आठ महिन्यांत त्यांच्याच रांगेत जाऊन बसते.